वाट पाहणाऱ्यांच्या भिंती

अवसरी बुद्रुकहून कुठंही जायचं म्हटलं की आधी मंचर. पुणं, नाशिक, जुन्नर, घोडेगाव, भीमाशंकर, कुठंही निघा, वाट मंचरच्या स्टँडावरूनच फुटते. गावातून निघालेला माणूस तिथं उतरतो, पुढच्या गाडीची चौकशी करतो आणि थांबतो. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. सकाळी कॉलेजची पोरं असतात, बाजाराच्या दिवशी गाठोडी घेतलेल्या बाया असतात, दवाखान्याची फाईल छातीशी धरून बसलेली म्हातारी माणसं असतात. ही सगळी मंडळी तेवढा वेळ समोर बघत असतात. आणि समोर असते ती भिंत.

त्या भिंतीवर काय असावं, हा प्रश्न बरीच वर्षं माझ्या मनात घर करून आहे. देवळाच्या भिंतीचा आपण विचार करतो, शाळेच्या भिंतीचाही करतो. स्थानकाची भिंत मात्र बहुतेक ठिकाणी जाहिरातींना, निवडणुकीच्या पोस्टरांना आणि पिचकाऱ्यांना सोडून दिलेली असते. खरं तर जो माणूस उभ्या आयुष्यात संग्रहालयाची पायरी चढत नाही, तोही इथं हमखास येतो, हमखास बसतो आणि हमखास बघतो. अशी जागा तालुक्यात दुसरी नाही. त्या जागी त्याला त्याच्या मुलखाची हकिगत दिसली पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं. ही कल्पना कुठून बाहेरून आणायलाही नको. आमच्याच डोंगरात ती दोन हजार वर्षांपूर्वी कोरून ठेवलेली आहे.

जुन्नरहून पश्चिमेला निघालं की घाटघर लागतं आणि पुढं नाणेघाट. कड्याखाली कोकण पसरलेलं. सोपारा-कल्याणच्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेनं वर चढायचा आणि जुन्नरवरून पैठणकडे जायचा. घाटाच्या माथ्यावर भलामोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडायची, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आणि वाट जिथं माथ्याला लागते, तिथं लेणं आहे. या लेण्यात स्तूप नाही. एकच मोठं दालन, भिंतींच्या कडेनं बसायला कट्टा. घाट चढून दमलेल्या वाटसरूनं पाठ टेकावी, घाम पुसावा आणि पुढं चालू लागावं, यासाठीची ही जागा. आजच्या भाषेत हा थांबाच.

या थांब्याच्या भिंतींचं सातवाहनांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. मागच्या भिंतीवर त्यांनी आपल्या घराण्यातली माणसं ओळीनं उभी केली. सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार आणि एक महारठी. प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मी अक्षरांत नाव. डाव्या आणि उजव्या भिंतींवर लांबच लांब लेख. कुठले यज्ञ झाले, दक्षिणा म्हणून किती गाई दिल्या, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापण नाणी, सगळं आकड्यांनिशी. १८२८ मध्ये साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी इथं पोचला, पुढं पंडित भगवानलाल इंद्रजींनी या लेखांचा आणि त्यांतल्या अंकांचा अभ्यास केला. आपल्या देशात अंक लिहायला कसे लागले, हे सांगताना अभ्यासकांना आजही या थांब्याच्या भिंतीपाशी यावं लागतं. बंदराचा व्यापारी, बैलांचा तांडा हाकणारा, ओझी वाहणारा, सगळ्यांच्या नजरेसमोर राज्याचा जमाखर्च मांडला होता, आणि तो अशा जागी, जिथं माणूस दम खायला थांबणारच.

मूर्ती आता नाहीत. केव्हा गेल्या, कुणी फोडल्या, भिंत बोलत नाही. वर नावं राहिली आणि खाली पावलांच्या अस्पष्ट खुणा. एका उन्हाळ्यात मी त्या भिंतीसमोर उभा होतो. पानाच्या द्रोणात करवंदं विकणारी एक आजी सावलीला आत येऊन टेकली. मी वर बघतोय हे पाहून म्हणाली, “हितं राजाराणी हुभी व्हती, बाबा. आता नुसती नावं ऱ्हायली.” तिला ब्राह्मी वाचता येत नव्हती; मलाही येत नाही. पण त्या ओळी म्हणजे नावं आहेत, हे तिला ठाऊक होतं. नाव कोरलेलं होतं म्हणून मूर्ती गेल्यावरही माणूस शिल्लक राहिला. सार्वजनिक भिंतीवर काही करायचं तर पहिला नियम मला इथंच सापडतो. चित्राखाली नाव, गाव आणि साल हवं.

दुसरा नियम जुन्नरच्या लेण्यांत आहे. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. ती कुण्या एका राजानं खोदलेली नाहीत. तिथले लेख वाचले तर दान देणारी माणसं दिसतात. त्यांत यवनही आहेत. एका ठिकाणी धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलंय. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचीही नोंद आहे. आमच्याकडं देऊळ असो, तालीम असो की शाळेची खोली, लोकवर्गणीनं उभी राहते आणि वर्गणी देणाऱ्यांची नावं फरशीवर कोरतात. ती रीत किती जुनी आहे, ते या लेखांवरून कळतं. ज्या गोष्टीला गावानं पैसा दिला, तिच्यावर गाव थुंकत नाही.

रेल्वे आली तेव्हा थांब्यांचं रूप पालटलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. त्याच बोरीबंदरला १८७८ मध्ये वास्तुविशारद स्टीव्हन्सच्या आराखड्यानं एका मोठ्या इमारतीचं काम सुरू झालं आणि दहा वर्षांनी पुरं झालं. तेच आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिच्या दगडावरचं कितीतरी कोरीव काम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी केलं. गडबडीत लोकल पकडणाऱ्यांनी एकदा मुद्दाम थांबून बघावं. खांबांच्या माथ्यावर पानं आहेत, वेली आहेत, मोर, माकडं, खारी आहेत. इथल्या मुलांनी इथल्या झाडाझुडपांतली सृष्टी दगडात आणली. दर्शनी भागात घड्याळाखाली महाराणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलवला आणि ती देवळी रिकामी राहिली.

नाणेघाटातही राज्यकर्त्यांच्या मूर्ती गेल्या, बोरीबंदरलाही गेली. खारी आणि मोर मात्र जागेवर आहेत. सत्ता बदलते तशा तिच्या प्रतिमा हलतात. त्या मातीतलं, तिथल्या हातांनी केलेलं टिकतं. म्हणून मला वाटतं, आमच्या स्थानकांच्या भिंतींवर आधी जागा मिळावी ती या मुलखातल्या माणसांच्या कष्टाला आणि सोसण्याला.

जगात हे भान ठेवून केलेली कामं आहेत. पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरातल्या साओ बेंतो स्थानकाच्या दालनात झॉर्झी कुलासू या चित्रकारानं सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशांवर देशाचा इतिहास रंगवला. त्यात लढाया आहेत, आणि शेतातली कामं, जत्राही आहेत. ॲमस्टरडॅममध्ये मेट्रोसाठी नदीचं जुनं पात्र खणलं तेव्हा शतकानुशतकं पाण्यात पडलेल्या वस्तूंचे ढीग निघाले. त्यांतल्या हजारो वस्तू रोकिन स्थानकात सरकत्या जिन्यांच्या मधोमध काचेआड मांडल्या आहेत. किल्ल्या, भांडी, नाणी, खेळणी. कुण्या राजाचा मुकुट नाही. हरवलेल्या साध्या वस्तू आहेत आणि लोक जिना उतरता उतरता त्या बघतात.

आपल्याकडंही हात चालू लागलेत. पुणे मेट्रोनं डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान या स्थानकांना पगडीचा घाट दिला. चंद्रपूर आणि बल्लारशाह या स्थानकांच्या भिंतींवर ताडोब्याचे वाघ आणि जंगल उतरलं, आणि २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत या दोघांनी देशात पहिला क्रमांक मिळवला. एसटी महामंडळानंही २०२३ पासून स्वच्छ, सुंदर बसस्थानकांचं अभियान चालवलं. या सगळ्याचं मला मोल वाटतं. एक धास्ती मात्र वाटते. रंग देणारा ठेकेदार एकच, नमुना एकच, आणि प्रत्येक तालुक्यात तोच सूर्योदय, तोच किल्ला, तीच तुतारी. भिंत रंगते, पण आपण कुठल्या गावात उतरलो, ते कळत नाही.

शिवनेरी तर हवाच. १६३० मध्ये महाराजांचा जन्म जिथं झाला तो गड आमच्या शेजारच्या तालुक्यात आहे, याचा अभिमान इथल्या प्रत्येक घरात आहे. मुंबई-पुणे धावणाऱ्या एसटीच्या वातानुकूलित गाडीलाही त्याचंच नाव आहे, ती गाडी जुन्नरला येत नसली तरी. पण भिंतीवर काढायचा तर खरा शिवनेरी काढा. त्याचे सात दरवाजे क्रमानं काढा, शिवाई देवीचं देऊळ काढा, गंगा-जमुना टाकी काढा. गडावर कधी न चढू शकणाऱ्या म्हातारीला स्टँडावर बसल्या बसल्या सातही दरवाजे ओलांडता आले पाहिजेत.

त्याच्या शेजारी काय? मला विचाराल तर पहिली जागा आंबेगावला. ज्या गावाचं नाव आमच्या तालुक्याला आहे, ते गाव आज डिंभे धरणाच्या पोटात आहे. तालुक्याचं ठाणं घोडेगावला. सातबाऱ्यावर, दाखल्यावर, प्रत्येक कागदावर आम्ही तालुका आंबेगाव लिहितो, आणि तिथं जायला एसटी नाही, कारण तिथं पाणी आहे. त्या पाण्यानं पूर्वेकडच्या शिवारांत ऊस आला, कांदा आला, घरांवर स्लॅब पडले. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांनी त्यासाठी घरं सोडली, खाचरं सोडली, देव हलवले. अवसरीसारख्या गावात बसून हे लिहिताना ते ऋण मला जाणवतं. स्थानकाच्या भिंतीवर बुडालेल्या गावांचा एक नकाशा असावा. कुठं देऊळ होतं, कुठं बाजार भरायचा, वाट कुठून कुठं जायची. तिथून उठलेली माणसं अजून आहेत. त्यांना विचारून तो काढता येईल. आणखी वीस वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही.

दुसरी जागा माळीणला. ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर खाली आला आणि दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली. ही बातमी बाहेरच्या जगाला कशी कळली, ते आज कितीजणांना आठवतं? सकाळी त्या रस्त्यानं गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना. रोजची घरं नव्हती, नुसता चिखल होता. त्यानं खबर दिली आणि मग यंत्रणा धावली. दुर्गम वाडीत वस्तीची गाडी म्हणजे काय असते, हे त्या दिवशी कळलं. टपाल, औषधं, पोरांची शाळा यांच्याबरोबर ती गावाची रोजची विचारपूस असते. कुणीतरी दररोज येऊन बघतं की तुम्ही आहात. त्या चालकाची हकिगत घोडेगावच्या किंवा मंचरच्या फलाटावर कोरली जावी. चित्रात डोंगर कोसळताना दाखवू नये. ज्यांची माणसं गेली त्यांना रोज तिथूनच गाडी पकडायची असते. त्यांना विचारावं आणि ते म्हणतील तेवढंच करावं. नावं आणि समोरून येणारी गाडी, एवढंही पुरेल.

तिसरी जागा बाबू गेनूची. याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा पोरगा १९०८ मध्ये जन्मला, मुंबईत गिरणीत राबला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला. ट्रक अंगावरून गेला. शेजारच्या खेडचे शिवराम हरी राजगुरूही १९०८ मध्येच जन्मले आणि १९३१ मध्ये फासावर गेले. राजगुरूंचं नाव गावाला मिळालं, म्हणून बसच्या पाटीवर ते रोज वाचलं जातं. बाबू गेनूचं नाव डिंभ्याच्या जलाशयाला आहे, आणि जलाशयाची पाटी घेऊन एसटी धावत नाही. मुंबईला कामाला निघालेली आमच्या गावांतली पोरं ज्या फलाटावर उभी राहतात, तिथंच हा गिरणी कामगार उभा असायला हवा. तोही कधीतरी असाच गाव सोडून निघाला होता.

नारायणगावच्या स्थानकावर विठाबाई हव्यात. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही तमाशा कलावंतीण नारायणगावकर म्हणून ओळखली गेली, आणि आजही पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या राहुट्या याच गावात पडतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला तिथं येतात. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीही तिथं हव्यात. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, ज्यांना बाहेरच्या रेडिओ लहरींचा उपद्रव चालत नाही. पुणे-नाशिक रेल्वेच्या मूळ आखणीला हरकत आली ती यांच्यामुळेच. द्राक्षाच्या मळ्यांमधून आकाशाकडं तोंड करून ऐकत असलेल्या त्या तबकड्या रोज बसमधून दिसतात. त्या काय ऐकतात, ते लिहिलेलं कुठं दिसत नाही. जुन्नरला जुन्नरी कागद हवा, ज्यावर कितीतरी दप्तरं लिहिली गेली. बोरीच्या थांब्यावर कुकडीकाठच्या राखेचा थर हवा. फार प्राचीन काळी सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून उडालेली ती राख. तिच्याबरोबर आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली.

आणि आमची अवसरी? शेजारच्या पारगावचं नाव सरकारी कागदावर अजूनही ‘पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक’ असं आहे. तर्फ म्हणजे जुन्या महसुली व्यवस्थेतला गावांचा गट. म्हणजे आसपासच्या गावांचा हिशेब कधीकाळी आमच्या गावाच्या नावानं मांडला जात होता. साखर कारखान्याच्या पत्त्यावर हे नाव छापलेलं हजारो शेतकरी बघतात. आमच्या थांब्याची शेड लहान आहे, भिंत एकच. तिच्यावर या तर्फेतल्या गावांचा नकाशा काढला, घोड नदीची निळी रेघ ओढली आणि प्रत्येक गावाचं नाव ठळक लिहिलं, तर पहिलीतलं पोर शाळेच्या गाडीची वाट बघताना आपलं गाव बोटानं शोधील. यापेक्षा मोठं काम त्या भिंतीकडून मला नको.

हे करायचं कसं, याचाही नीट विचार हवा. तेलरंग दोन पावसाळ्यांत उडतो. चिनीमातीच्या फरशा टिकतात, धुता येतात. काळा दगड तर आमच्या पायाखालीच आहे. चित्र माणूस बसल्यावर त्याच्या नजरेच्या उंचीवर यावं. कमानीवर चढवलेलं शिल्प फोटोपुरतं उरतं. अक्षरं मोठी, वाक्यं लहान, साल अचूक. मजकूर आधी जाणकाराला दाखवावा, कारण भिंतीवरची चूक पुढच्या पिढीला इतिहास म्हणून पाठ होते. काम शक्यतो याच भागातल्या चित्रकाराला, पाथरवटाला, कलाशिक्षकाला द्यावं. जे. जे.च्या पोरांनी बोरीबंदर कोरलं. आमच्या शाळा-कॉलेजांतल्या पोरांनी स्टँड का कोरू नये? पैशासाठी बाजार समिती आहे, कारखाना आहे, पतसंस्था आहेत, मुंबईकर मंडळं आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांनी लेणं दिलं त्याच मुलखातले हे लोक आहेत. त्यांची नावं खाली बारीक अक्षरांत अवश्य यावीत. फक्त वर पुढाऱ्याचा फोटो नको.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. स्टँडावर आधी पाणी नाही, संडास धड नाही, बायांना बसायला जागा नाही, आणि तुम्ही चित्रं कसली काढता? आक्षेप खरा आहे. त्या सोयी आधी व्हायलाच हव्यात. पण नाणेघाटाकडं पुन्हा बघा. बसायला कट्टा, डोक्यावर छत आणि समोर वाचायला भिंत, हे सगळं तिथं एकाच कामात झालं. थकलेल्या माणसाला सावली द्यायची आणि मान वर करून बघण्यासारखंही काही द्यायचं, यात त्यांना विरोध दिसला नाही. आपल्यालाही दिसू नये. ज्या जागेबद्दल माणसाला आपलेपणा वाटतो, तिथल्या नळासाठी आणि संडासासाठीही तो भांडतो.

आपली स्थानकं सध्या नव्यानं बांधली जात आहेत, रंगवली जात आहेत. एकदा नमुना ठरला आणि ठेका निघाला की कुणी ऐकत नाही. म्हणून बोलायचं ते आत्ताच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, वर्षातून चारदा तरी ग्रामसभा भरते. तुमच्या गावच्या थांब्यावर कोणाची नावं आणि कुठली हकिगत लिहायची, याची यादी करा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ती तपासा, आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडा.